काळजी नावाची नोंद

बुधवारी सकाळी मी ऑफिसच्या कॉम्प्युटरची रजिस्ट्री उघडली, तेव्हा तिच्यात माझी बायको होती. प्रिंटरच्या खाली, फॉन्टच्या वर, एका पिवळ्या फोल्डरवर तिचं नाव होतं: यामिनी.

मला आश्चर्य वाटलं नाही. राग मात्र आला. मी कॉलेजच्या ऑफिसातली मशीनं सांभाळतो आणि मला न विचारता कोणी त्यांच्यात काही घातलेलं मला खपत नाही.

रजिस्ट्री म्हणजे मशीनच्या सगळ्या सवयी जिथे ठेवलेल्या असतात ती जागा. फोल्डरच्या पोटात फोल्डर आणि सगळ्यात आत एकेक नोंद, तिच्यासमोर तिची किंमत. इथे सेव्हचं बटण नसतं, बदल केला की त्याच क्षणी लागू होतो. केलेलं मागेही घेता येत नाही. म्हणून शहाणी माणसं तिथे जात नाहीत, आणि गेलीच तर आधी एक प्रत काढून बाजूला ठेवतात.

यामिनीच्या फोल्डरमध्ये उंची होती, माहेर होतं. ‘हसू’ या नोंदीसमोर ‘उशिरा’ असं होतं. ते खरंच आहे. विनोद तिला स्वयंपाकघरात गेल्यावर कळतो आणि मग तिथून एकटीचं हसणं ऐकू येतं. त्याखाली ‘काळजी’ होती.

तेवढ्यात फोन वाजला.

“हेरंब, पोचलास ना?”

“अगं, केव्हाच पोचलोय.”

“मग एक फोन करायला काय होतं रे? सिग्नलपाशी सगळं खणून ठेवलंय.”

हे रोजचं. पोचलो की फोन, जेवायच्या वेळी फोन, रस्त्याने अॅम्ब्युलन्स गेली तरी फोन. सगळं ऑफिस मला हसायचं. मी ‘काळजी’वर बोट ठेवलं.

डबीर मॅडम मागून बघत होत्या. त्या माझ्या वरिष्ठ, भारी सावध बाई. चहा पितानासुद्धा कपाखाली बशी आणि बशीखाली रुमाल ठेवतात.

“आधी एक्स्पोर्ट घ्या, प्रत काढून ठेवा,” त्या म्हणाल्या.

“एवढ्याशा नोंदीसाठी?”

“नोंद एवढीशीच असते हो. तिच्या आधाराने काय काय उभं आहे, ते तिथे दिसत नाही.”

मी डिलीट दाबलं. मशीनने विचारलं, नोंद पुसायची खात्री आहे का? मी ‘होय’ दाबलं. नोंदीसमोर एक आकडा होता, तो मी वाचला नाही.

दुपारी फोन आला नाही. मी निवांत डबा खाल्ला, गवारीची भाजी चवीने खाल्ली. नंतर मात्र उगाचच मोबाइलला रेंज आहे का ते बघून आलो.

संध्याकाळी घरी गेलो तर दाराच्या पाटीवर फक्त तिचं नाव होतं. माझ्या किल्लीला कुलूप सापडेना, कारण कुलूप दुसऱ्या बाजूला सरकलं होतं. यामिनीने साखळी न काढता दार किलकिलं केलं.

“कोण हवंय आपल्याला?”

“अगं, मी.”

“हो, पण कोण?”

ती घाबरली नव्हती. तिच्या मागे आमची खोली अर्धीच होती. माझं कपाट, माझी खुर्ची, पलंगाची माझी बाजू, तिथपर्यंत भिंत पुढे आली होती आणि तिला रंगही देऊन झाला होता.

“पाणी देऊ का?” तिने विचारलं आणि पाहुण्यांसाठी ठेवलेल्या काचेच्या ग्लासातून पाणी दिलं.

मी खोटं बोललो. “येताना मी गाडीवरून पडलो.”

“अरेरे. कोपऱ्यावर दवाखाना आहे, उघडा असेल अजून.” तिने रिकामा ग्लास घेतला आणि दार हळूच लावलं.

मी जिन्यात बसून रडलो. तिचे फोन मला नको होते, हे खरंच होतं. ती मला हवी होती, हेही तितकंच खरं होतं.

परत ऑफिसला निघालो तर रस्ता आखूड झाला होता. घर आणि ऑफिस यांच्यामध्ये आता एकच सिग्नल उरला होता. डबीर मॅडम खिडक्या लावत होत्या. मी रजिस्ट्रीत माझं स्वतःचं फोल्डर उघडलं. घर, नाव, परतायची वेळ, झोपायची जागा, प्रत्येकासमोर एकच उत्तर होतं: यामिनीच्या फोल्डरमधली ‘काळजी’ पाहा.

“नवीन नोंद करा,” मॅडम म्हणाल्या. “पण नाव तेच दिलंत तरी ती नवीच असते. जुन्या गोष्टी तिला ओळखतीलच असं नाही.”

मी नोंद केली. मशीनने किंमत मागितली.

“किती होती?” मी विचारलं.

“मला काय विचारता? बायको तुमची.”

मी आठवू लागलो. माझ्या तापात ती उशाशी बसून होती. पावसात भिजलो तर भांडत भांडत डोकं पुसायची. हे सगळं मिळून किती होतं, ते मला सांगता येईना. तोवर टेबल भिंतीला टेकलं, भिंत माझ्या पाठीला टेकली आणि मॅडमचा आवाज पलीकडून यायला लागला. मी नऊचं बटण दाबून धरलं आणि चौकट भरेपर्यंत सोडलं नाही. तशी भिंत मागे सरकली.

फोन वाजला.

“हॅलो, माफ करा हं, तुम्ही कोण ते मला माहीत नाही,” यामिनीला धाप लागली होती. “पण तुम्ही जेवलात का? पोचलात ना नीट?”

“यामिनी, मी हेरंब.”

“बरं बरं. जपून राहा हं. मला अजून खूप जणांना विचारायचंय.” तिने फोन ठेवला.

मी खिडकीतून पाहिलं. ती सिग्नलवर उभी होती, पायांत चप्पल नव्हती. दिवा हिरवा झाला होता, पण कोणी हलत नव्हतं. गाडीवरून उतरून एकेक माणूस तिच्यापुढे येत होता. ती त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघत होती, काहीतरी विचारत होती आणि मग पुढच्याकडे वळत होती. रांग पुलापर्यंत गेली होती.

मी खाली उतरलो आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिलो. माझ्यामागे लगेच आणखी माणसं येऊन उभी राहिली.