टायननांच्या काउंटरची फळी

मी फळी बोलतेय. ओकच्या लाकडाची, साडेअकरा फूट लांब. आयर्लंडमध्ये वेक्सफर्डकडे बालीनारा नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या टायननांच्या पबमध्ये बहात्तर वर्षं मी काउंटर म्हणून आडवी पडले होते. लोकांनी माझ्यावर कोपर टेकले, मुठी आपटल्या, डोकी ठेवून रडून घेतलं. कोणी मला विचारलं नाही. आता मीच सांगते.

मॉस टायननच्या आजोबांनी मला कापून, तासून बसवलं. रंग लावला नाही, पॉलिश केलं नाही. धुण्याच्या सोड्यानं घासायचे, एवढंच. त्यामुळे माझ्यावर जे सांडलं ते सगळं मी पीत गेले. काळ्या बिअरची पारख मला तिथंच आली. त्या गावात दुसरं काही पीत नसत. पोर्टर असायची, ती हलकी, काम करून आल्यावर घशाखाली ओतायची. आणि स्टाउट असायची, ती अंगानं जड, करपलेल्या जवाच्या कडवट वासाची, घोट घोट घ्यायची. दोन्ही रंगानं काळ्या, म्हणून गाव नुसतं ‘काळी’ म्हणायचं.

ती भरायची रीत असते. पाठीमागे दोन पिंपं मांडलेली असतात, एक तरणं, एक मुरलेलं. तरण्या पिंपातून पाऊण ग्लास भरला की फेस नुसता उसळतो. तो ग्लास माझ्यावर ठेवायचा आणि निवळेपर्यंत कोणी हात लावायचा नाही. मोठा जमीनदार असो नाहीतर पाद्री असो, सगळे हात खिशात घालून उभे राहायचे. मग मुरलेल्या पिंपातली वर घालून ग्लास पुरा करायचा. घाई करणाऱ्याला डेलिया सरळ म्हणायची, “तहान लागली असेल तर बाहेर नळ आहे.”

डेलिया म्हणजे मॉसची बायको. पब नावाला मॉसचा, पण चालायचा डेलियाच्या जिभेवर. तेव्हा लोखंडी पिंपं नव्हती. लाकडी पिंपांतून माल यायचा, आणि एकाच ठिकाणाहून आलेली दोन पिंपं सारखी निघायची नाहीत. एखादं अमृत, एखादं नुसतं गढूळ पाणी. डेलिया दर गुरुवारी टोपलीत आपला ग्लास कापडात गुंडाळून घ्यायची आणि बसनं गावोगाव फिरायची. डोंगराच्या पायथ्याशी एक म्हातारा एकटाच पोर्टर करायचा. गिऱ्हाईक नाही म्हणून तो धंदा बंद करायला निघाला होता. डेलियानं तिथं उभ्या उभ्या एक घोट घेतला, डोळे मिटले, आणि म्हणाली, “बंद कशाला करताय? सोमवारी दोन पिंपं धाडा.” पुढं त्याची पोर्टर प्यायला तीन गावांहून माणसं यायला लागली.

नवीन पिंप फोडलं की पहिला ग्लास डेलियाचा. सगळा पब गप्प. ती वास घ्यायची, एक घोट जिभेवर फिरवायची, आणि एकेकाला सांगायची. “पॅट्सी, तू ही घेऊ नकोस, कच्ची आहे, शनिवारी ये.” “लिझी, तुला आज स्टाउट. पोर्टरनं तुझं भागायचं नाही.” लिझी रोश शेजारची शिंपीण. तिचा भाऊ समुद्रात बुडाला त्या हिवाळ्यात डेलियानं तिला कुठली स्टाउट, किती मुरवून दिली, ते मला आठवतंय. बाई त्या हिवाळ्यातून बाहेर निघाली.

पॅट्सी ब्रीन कोळशाची गाडी हाकायचा. तोंडाचा फाटका. डेलियाचं कौतुक करायचं तर मॉसला टोचल्याशिवाय त्याला जमायचंच नाही. “मॉस, तुझी बायको नसती तर आम्ही काय प्यायलो असतो रे? तुला भांडी धुतलेलं पाणी दिलं तरी तू मिटक्या मारशील!” सगळे हसायचे. मॉसही हसायचा. उंच, वाकलेला, कमी बोलणारा माणूस. पिंपं उचलायची, ग्लास विसळायचे, मला पुसायचं, हे त्याचं काम.

आणखी एक सांगून ठेवते. त्या गावात तोंडावर स्तुती करत नाहीत. घोडा शर्यत जिंकून आला तर म्हणतात, “चालतो.” जगात भारी अशी काळी प्यायली तर ग्लास खाली ठेवून म्हणतात, “वाईट नाही.” त्याच्या वरचा शब्दच नाही.

मग एका हिवाळ्यात तापाची साथ आली. डेलिया तीन आठवडे अंथरुणात होती. उठून खाली आली ती सकाळची वेळ, पब उघडायचा होता. तिनं अर्धा ग्लास भरला, घोट घेतला आणि तशीच थांबली. परत घेतला. मग मडक्यातली वाटलेली झणझणीत मोहरी चमचाभर खाल्ली. मग व्हिनेगरची बाटली तोंडाला लावली. व्हिनेगर माझ्यावर सांडलं, मला झोंबलं. तिला काहीच झालं नाही. ती कपाळ माझ्यावर टेकून बसली.

मॉस दारात उभा होता.

“गेली?” त्यानं विचारलं.

“वास नाही, चव नाही. तोंडात लोकर घातल्यासारखं झालंय. मॉस, मी आता कोण रे?”

“येईल परत.”

“आणि नाही आली तर? लोक माझ्या शब्दावर येतात. तुझ्या तोंडाकडे बघून येत नाहीत.”

असं बोलली ती. मी माझ्या कानांनी ऐकलं. मॉसला लागलं असेल, पण तो म्हणाला, “मी मागं चाखत जाईन. बाहेर येऊन फळी पुसेन. खिडकीकडे पुसली तर चांगली. दाराकडे पुसली तर देऊ नकोस. पुढचं तू सांभाळ.”

“तुला कळतं?”

“बावीस वर्षं तू चाखून ठेवलेले ग्लास मीच संपवतोय, डेलिया.”

चार वर्षं असं चाललं. चव परत आली नाही. मॉस मागच्या खोलीत पिंप फोडायचा, चाखायचा, बाहेर येऊन फडकं फिरवायचा. डेलिया नाक ग्लासात घालून नाटक करायची आणि निकाल द्यायची. आणि एकदाही चुकला नाही हो तो माणूस! थेंब मलाही मिळायचा, मला माहीत आहे. उलट त्याची पारख जरा हळवी होती. कोणाचं काय बिनसलंय ते बघून तो डेलियाच्या कानात सांगायचा, “पॅट्सीला आज मुरलेल्यातली जास्त घाल.” पॅट्सी प्यायचा, म्हणायचा, “वाईट नाही.” आणि मग, “मॉस, बघ, शीक जरा बायकोकडून!” मॉस माझ्यावरून फडकं फिरवत राहायचा. त्याचा हात कधी जड झाला नाही. डेलिया मात्र तेवढा वेळ पाठ फिरवून ग्लास लावत बसायची. मला तिचा राग यायचा. अगं बोल ना एकदा! बोलली नाही.

ऑगस्टमध्ये उकाडा होता. सोमवारी दोन पिंपं आली. मंगळवारी सकाळी मॉसनं त्यातलं एक उचलून लाकडी घोडीवर ठेवलं, तोटी ठोकली, आणि छातीला हात लावून खाली बसला तो उठलाच नाही. चाखायचं राहून गेलं.

त्याला मागच्या खोलीत ठेवलं. तिथल्या रीतीप्रमाणे घड्याळ थांबवलं, आरसा झाकला, पडदे ओढले. बुधवारी दुपारपासून गाव यायला लागलं. आत जाऊन गुडघे टेकायचे, बाहेर येऊन डेलियाचा हात धरायचा, “वाईट झालं, बाई” म्हणायचं, आणि मग मेलेल्याच्या घरचा एक ग्लास घ्यायचा. तो ग्लास अर्धवट टाकत नाहीत. टाकला तर गेलेल्याचा अपमान. शेवटच्या थेंबापर्यंत प्यायचा.

डेलियानं मॉसनं ठेवलेलंच पिंप उघडलं. म्हणाली, “त्याच्या हातचं शेवटचं आहे.”

लिझी जवळ आली. “डेलिया, तू आज कशाला? तुझं चित्त ठिकाणावर नाही. मी चाखून बघू का?”

“तू? तू आपली सुई सांभाळ,” डेलिया फटकन बोलली. तिनं ग्लास नाकाशी नेला, घोट घेतला, आणि सगळ्यांसमोर म्हणाली, “घ्या. चांगली आहे.”

ग्लासातला एक थेंब माझ्यावर ओघळला. आंबलेली होती! नुसती आंबट नाही, नासलेली. ओल्या पोत्याचा वास. मी लाकूड. ओरडू कशी?

पहिला ग्लास पॅट्सीला मिळाला. त्यानं घोट घेतला. मिशीचे केस ताठ झाले त्याच्या. त्यानं डेलियाकडे पाहिलं, मागच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं, आणि गिळला. मग दुसरा घोट. मग ग्लास अलगद माझ्यावर ठेवून म्हणाला, “सुंदर आहे, डेलिया.”

लिझीनं घेतली. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. “मधासारखी आहे गं.”

पलीकडचा लोहार म्हणाला, “असली काळी जन्मात प्यायलो नाही.” हे तरी खरं होतं.

डेलिया पुढचा ग्लास भरत होती. तिनं तोटी बंद केली. दोन्ही हात माझ्यावर टेकले. तिचं सगळं वजन माझ्यावर आलं.

“पॅट्सी,” ती म्हणाली, “पंचवीस वर्षं माझ्याकडे पितोयस. कधी सुंदर म्हणालास?”

“आज दिवसच तसा आहे, बाई.”

“मेलेल्या माणसाच्या घरात खोटं बोलू नकोस.”

पॅट्सीनं टोपी काढली. हातात फिरवत राहिला. “गेलीय, डेलिया. पार गेलीय ती. पण तू ओतलीस ना, मग पितो आम्ही. त्यात काय एवढं?”

डेलियाला तेव्हाही झाकता आलं असतं. दुःखानं जीभ बधिर झाली म्हणाली असती, तर गावानं मान डोलवली असती आणि तिचं नाव राहिलं असतं. तिनं तोंड उघडलं तेव्हा मला वाटलं, तेच बोलणार आता.

“मला चार वर्षं चव नाही,” ती म्हणाली. “साथीत गेली ती गेलीच. तुम्ही प्यायलात ती प्रत्येक काळी मॉसनं चाखलेली. लिझी, तुझ्या लेकीच्या लग्नातली त्यानं निवडली. पॅट्सी, तुझा घोडा मेला त्या दिवशी तुला दिली ती त्यानं मिसळली. मी नुसती नाक खुपसत होते. तुम्ही मला वाखाणलं आणि त्याला हसलात. मी ऐकलं. चार वर्षं ऐकलं आणि पाठ फिरवली.”

मग ती फळीवर, म्हणजे माझ्यावर, कोसळून रडली. मॉस गेल्यावर पहिल्यांदा.

पॅट्सी जड पावलांनी मागच्या खोलीत गेला. दार उघडंच होतं. तो माणूस कधी हळू बोलायचा नाही, म्हणून मला ऐकू आलं.

“मॉस,” तो म्हणाला. “मॉस, चार वर्षांत एकही वाईट नव्हती रे.”

एकेक करून सगळे आत गेले. तेच सांगून आले. ऐकायला कोण होतं तिथं?

दुसरं पिंप कोणी फोडू दिलं नाही. ती नासलेलीच सगळ्यांनी तळापर्यंत संपवली. डेलियानंही एक ग्लास घेतला. लिझी नको नको म्हणाली तर म्हणाली, “मला काय फरक पडतोय?”

त्यानंतर तिनं कधी कोणाला ‘ही पी’ म्हणून सांगितलं नाही. लोक विचारायचे, सवयीनं. ती म्हणायची, “सांगणारा गेला.” गुरुवारची बस चुकत गेली. डोंगराखालच्या म्हाताऱ्यानं धंदा बंद केला. मग लोखंडी पिंपं आली, सगळीकडे एकच काळी, सारखी, चाखायची गरजच नाही. मॉसनंतरच्या पाचव्या हिवाळ्यात डेलिया गेली. पब विकला. मला उपटून डब्लिनच्या एका पबमध्ये आणलं, रंधा मारला, आणि वर जाड वार्निश चढवलं. आता माझ्यावर सांडलेलं आत उतरत नाही. वरच्या वर पुसून टाकतात. इथं फळ्यावर खडूनं सतरा स्टाउटची नावं लिहिलेली आहेत, कॉफीची, समुद्राच्या मिठाची, कसली कसली. पोरं फोनमध्ये बघून ठरवतात.

मला त्यांच्याशी भांडायचं नाही. तुम्ही काळी प्यायला कधी बसलात तर एवढंच करा. निवळेपर्यंत हात लावू नका. पहिला घोट घाईनं गिळू नका. फार गार देत असतील तर थोडी तशीच राहू द्या, थंडीत तिचे दोष लपतात. आणि चांगली निघाली, तर ओतणाऱ्याला विचारा की ही निवडली कोणी. तो मागं ग्लास विसळत असेल. त्याला बाहेर बोलवा, आणि काय सांगायचं ते त्याच्या तोंडावर सांगा.