दर चार तासांनी

आमच्या हरीला दर चार तासांनीच पाजायचं, असा घरचा कायदा होता. तो केला होता ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने. १९६२ साल. हे बंगळूरच्या सरकारी कारखान्यात इंजिनिअर, जयनगरात भाड्याचं घर. पुण्याला माहेरी बाळंतपण उरकून मी महिन्याच्या हरीला घेऊन आले, तोवर ह्यांचं बाळसंगोपनाचं एक इंग्रजी पुस्तक पाठ झालं होतं. सहा, दहा, दोन, सहा, दहा. मधे हरीने कितीही टाहो फोडला तरी हे म्हणायचे, "त्याची सवय बिघडेल."

दोन महिन्यांचा झाला आणि हरीचं वजन वाढेनासं झालं. शेजारच्या गुंडोअण्णांच्या किराणा दुकानात, गुळाच्या तराजूत, आम्ही त्याला दर रविवारी तोलायचो. त्या आठवड्यात वाढ फक्त पन्नास ग्रॅम. "तुला दूध पुरेसं येत नाही," हे शांतपणे म्हणाले आणि पावडरीच्या दुधाचा डबा घेऊन आले. "पुढच्या रविवारपर्यंत बघू. नाहीतर हा उघडायचा."

मला फार लागलं ते. मेथीचे लाडू, अळिवाची खीर, सगळं करून झालं होतं. पण खरं सांगायचं तर रडण्यापेक्षा मला नवलच जास्त वाटत होतं. माहेरी असताना माझा पदर भिजायचा. मग आता ते दूध गेलं कुठे?

गुंडोअण्णांच्या बायकोला, अनुसूयाक्कांना, मी विचारलं. त्यांचं मराठी तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं आणि हळूहळू निम्मं कन्नड झालेलं. सात लेकरं वाढवलेली बाई.

"दिवसात लंगोट किती भिजतात गे?"

मी दोरीकडे पाहिलं. चार.

"आणि पाजतेस किती वेळा?"

"पाच. अगदी वेळेवर."

"स्वल्प ऐक, नयना. पोर ओढेल तेवढं येतं. तू ओढूच देत नाहीस की त्याला. माहेरी कशी पाजत होतीस?"

माहेरी घड्याळाकडे बघत होतं कोण? हरी कुरकुरला की आई त्याला माझ्या मांडीवर आणून टाकायची.

"तसंच कर की आठ दिवस. सरी, कळलं?"

सोमवारी हे कारखान्यात गेले आणि मी कायदा मोडला. हरी तोंड वळवून पदर शोधू लागला की घेतलाच पदराखाली. पहिले दोन दिवस तो नुसता ओढतच होता. मला वाटलं, संपलं, माझ्यात काही नाहीच. तिसऱ्या दुपारी तो एका बाजूला पीत असताना दुसऱ्या बाजूचं पोलकं भिजलं, आणि मी एकटीच मोठ्याने हसले. शुक्रवारी दोरीवर नऊ लंगोट होते. मी दोनदा मोजले.

रविवारी गुंडोअण्णांनी वजनं टाकली. दोनशे वीस ग्रॅम वाढ!

"बघितलंस?" हे खूश होऊन म्हणाले. "शिस्तीचा गुण!"

माझं डोकंच फिरलं. "कसली शिस्त? दिवसातून दहा-बारा वेळा पाजलंय मी त्याला. तुमच्या पाठीमागे, चोरून. स्वतःच्या पोराला!" दुकानात गिऱ्हाईक होतं, तरी मी थांबले नाही. बोलता बोलता रडूच फुटलं.

हे म्हणाले, "पण वेळ झाली हे तुला कळतं कसं?" टोमणा नव्हता तो, खरंच विचारत होते.

तराजूतला हरी मान वळवून मूठ चोखत होता. मी बोट दाखवलं. "हे असं."

"पण तो रडत कुठे आहे?"

"रडायच्या आधीच सांगतो तो. आपण ऐकत नाही, म्हणून रडतो."

हे खाली वाकून त्याच्याकडे बघत राहिले. मी हरीला उचललं आणि सवयीने ह्यांच्या तोंडाकडे बघत उभी राहिले.

"माझ्याकडे काय बघतेस?" हे म्हणाले. "त्याला भूक लागलीय."