हिरवी ओळ

नेव्हेनाने यादीतल्या एका नावावर क्लिक केलं. ओळीचा लाल रंग गेला आणि तिथे निळा पट्टा आला.

"हेच ते," मागे उभ्या असलेल्या स्तानेवाबाई म्हणाल्या. "नाव निवडलं की रंग पळतो. मग माणूस राहणारा की जाणारा, मला कळायचं कसं?"

"निवडलेल्या ओळीवर संगणक आपलाच निळा फासतो. ती ओळसुद्धा आपणच रंगवायला हवी. पाच मिनिटांचं काम आहे."

स्तानेवाबाई पंपांच्या कारखान्यात कर्मचारी विभागाच्या प्रमुख होत्या, निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या. नेव्हेना तिथली एकुलती एक प्रोग्रामर. साडेतीनशे माणसांतली एकशे दहा महिनाअखेर कमी व्हायची होती, आणि गेले तीन आठवडे नेव्हेना त्यासाठीची यादी बनवत होती. तयार मिळणारी यादी पांढऱ्यावर काळी नावं दाखवते, बस. बाईंना ते पुरत नव्हतं. प्रत्येक नावाआधी टिक करायला चौकोन हवा, टिक केली की ओळ लाल व्हायला हवी. आपणहून जाणाऱ्यांची ओळ हिरवी. शेरा लांब असेल तर नावावर बाण ठेवताच तो छोट्या पिवळ्या चौकटीत दिसायला हवा. म्हणून ओळी रंगवण्याचं काम नेव्हेनाने यादीकडून काढून आपल्याकडे घेतलं होतं. प्रत्येक ओळ पडद्यावर येण्याआधी विचारायची, माझा रंग कोणता, आणि तिने लिहिलेला प्रोग्राम उत्तर द्यायचा. तपासायला तिने नद्यांची नावं भरली होती. मरित्सा लाल, तुंजा हिरवी. खरी नावं ती आज पहिल्यांदाच बघत होती.

नवराबायको दोघंही इथलेच असतील तर एक जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिचा नवरा ल्युबेन अवजारं बनवायच्या विभागात लेथवर होता. घरी हा विषय अजून निघाला नव्हता. निघेलसं वाटलं की दोघांपैकी कुणीतरी रेडिओ लावायचं.

तिने दुरुस्ती केली, प्रोग्राम पुन्हा चालू केला. लाल ओळ निवडून पाहिली, रंग टिकला. आता हिरवी. हिरव्या सहाच होत्या. सगळ्यांत जवळची होती तिच्यावर तिने क्लिक केलं. हिरवा तसाच राहिला, भोवती बारीक काळी रेघ आली. बरोबर होतं. मग तिने नाव वाचलं.

दास्कालोव ल्युबेन. त्याच्याखाली दास्कालोवा नेव्हेना, पांढरी.

बाण तिथेच राहिला, म्हणून पिवळी चौकट उघडली. 'स्वतःच्या विनंतीवरून. पत्नीचं नाव वगळावं या अटीवर. पुन्हा भरतीचा हक्क सोड'

"शेवटचा शब्द कापला जातोय," नेव्हेना म्हणाली. "चौकट रुंद करते."

स्तानेवाबाई खिडकीकडे गेल्या. तिथली कुंडी उगाच जरा सरकवली.

"सोमवारी आला होता. टोपी हातात धरून. बायकोला सांगू नका म्हणाला." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "आधी तुझं नाव लाल होतं, पोरी."

"हो का."

"चार वाजता यादी साहेबांकडे जाते. तोवर ती माझ्याच हातात आहे." त्यांनी टेबलावरचा कप उचलला. "मी कॉफी आणते. इथलं मशीन बिघडलंय, खालपर्यंत जावं लागेल. वेळ लागेल मला."

दार लागलं. नेव्हेनाने ल्युबेनच्या नावाची टिक काढली. ओळ पांढरी झाली. स्वतःच्या नावाला टिक केली. ती लाल झाली. यादी लुकलुकली नाही, वरची-खालची ओळ हलली नाही. काम नीट झालं होतं. ती बराच वेळ आपलं नाव बघत राहिली आणि काहीतरी वाटायची वाट बघत राहिली. बराच वेळ मांडी घालून बसल्यावर पाय आपला वाटेनासा होतो, तसं होतं सगळं. भिंतीतल्या नळांत गरम पाणी टकटकत होतं. कॉरिडॉरमध्ये कुणीतरी हसत गेलं.

मग तिने स्वतःची टिक काढली आणि त्याची परत केली. हिरवा रंग आला, काळ्या रेघेसकट. चौकट रुंद केली. 'सोडला' हा शब्द पूर्ण दिसू लागला. तिने प्रोग्राम जतन केला.

स्तानेवाबाई दोन कप घेऊन आल्या. आधी त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"झालं?"

"झालं. आता निवडलं तरी रंग जात नाही."

संध्याकाळी ल्युबेन बाल्कनीत लाल ढोबळी मिरच्या भाजत होता. साली काढायला ती त्याच्या शेजारच्या स्टुलावर बसली. त्याने परात तिच्याकडे सरकवली.

"यादी उद्या लागतेय," मिरची उलटताना तो म्हणाला. "आज फोरमन सांगत होता. माझं नाव आहे म्हणे."

"तुझं? कसं काय?"

"वय बघितलं असेल. एक्कावन्न. आणि माझं लेथ तर माझ्याहून म्हातारं. वरूनच आलंय, कुणाच्या हातात काही नाही."

"आणि माझं?"

"तुझं नाही. प्रोग्रामवाली एकटीच तू, तुला काढून त्यांचं चालेल कसं?" हे तो भरभर म्हणाला, पाठ केल्यासारखं, आणि मग सगळं लक्ष मिरच्यांवर लावलं.

"नशीब," ती म्हणाली.

"मी बघतो काहीतरी. वासिलच्या गॅरेजमध्ये विचारून ठेवलंय."

"कधी विचारलंस?"

त्याचा चिमटा थांबला. "आजच. येताना."

"बरं केलंस," ती म्हणाली.

तिने परातीतली मिरची घेतली, देठाकडून साल ओढली. आत वाफ होती.

"गरम आहे ती. थांब की जरा," तो म्हणाला.

"हो?" ती म्हणाली, आणि पुढची उचलली.