नमुना क्रमांक दोन

नानासो मगदूमांना आयुष्यात एकाच गोष्टीची भीती वाटायची, ती म्हणजे गप्प बसायची. हातात माईक आहे, हलगी कडाडतेय, गावोगावचं माणूस दाटीवाटीनं बसलंय, आणि दोन पैलवान मात्र एकमेकांच्या मानेवर हात ठेवून नुसतेच उभे. अशा वेळी नानासोंना राहवायचं नाही. मग ते तोंडाला येईल ते बोलायचे. पैलवानाचा आजा, आज्याची तालीम, तालमीतला मारुती, कुणालाही सोडायचे नाहीत. लोकांना ते आवडायचं. कुस्ती राहू द्या, नानासोंना ऐकायला चला, असं म्हणणारे आष्ट्यात पुष्कळ होते, आणि नानासो स्वतः त्यांत पहिले.

घोटाळा झाला तो यात्रेच्या मैदानात. शेवटची कुस्ती लागली होती मेढ्याचा राजस शेडगे आणि आष्ट्याचा शंभूराज खोत यांची. सातारा विरुद्ध सांगली! खताच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत चालणारा 'पाणंद रेडिओ' ती थेट ऐकवत होता आणि नानासो बोलत होते. बारा मिनिटं नुसती मानेला मान भिडवून खडाखडी झाली. नानासोंकडचे आजे-पणजे संपले. तेवढ्यात राजसनं घिस्सा डाव मारला, शंभूराजची पाठ मातीला लागली, आणि नानासोंच्या तोंडून गेलं, "पडणारच की गड्या! आई रतिबाच्या दुधात नळाचं पाणी ओतती, तेच पिऊन वाढलेला पैलवान! दम येणार कुठनं?"

मैदान खदाखदा हसलं. नानासोही हसले आणि घरी जाऊन मटण खाऊन झोपले.

दुसऱ्या दिवसापासून शंभूराजच्या आईचा, गोदावरी खोतांचा, रतीब तुटायला लागला. अकरा घरांना ती म्हशीचं दूध घालायची. चार दिवसांत सात घरांनी "सध्या नको" म्हणून किटली परत पाठवली. पाचव्या दिवशी गोदावरी खताच्या दुकानाचा जिना चढली आणि तिनं तक्रारीचा अर्ज मागितला.

आता हा अर्ज म्हणजे एक मौजच होती. त्यावर तीन चौकोन होते: अचूकता, समतोल, अभिरुची. ज्या चौकोनात दुखत असेल तिथं खूण करायची. पहिल्या वर्षात चाळीस अर्ज आले. भजनात पखवाजवाला एकटाच ऐकू येतो, समतोल नाही. हवामानात वाळव्याचं नाव आष्ट्याच्या आधी का घेतलं? कारल्याची भाजी तुम्ही सांगितली तशी केली, नवरा जेवता जेवता उठला, अभिरुची. अशा अर्जांवर तिघांची समिती बसायची, चहा व्हायचा आणि 'नोंद घेतली' असा शेरा पडायचा.

पण गोदावरीचा अर्ज वाचून समितीच्या अध्यक्ष आम्रपाली बनसोडे यांनी चहाचा कप बाजूला सरकवला, तेव्हाच नानासोंना जरा कसंतरी झालं. बाई सांगलीच्या कोर्टातून अधीक्षक म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांच्या चष्म्यावरून येणाऱ्या नजरेला भले भले वकील टरकायचे म्हणे. त्यांच्या उजव्या हाताला गंगाधर गुरुजी, नानासोंचे जुने भक्त. डाव्या हाताला केंद्र चालवणारी मयूरी, लॅपटॉप घेऊन. तिनं ते वाक्य दोनदा ऐकवलं. बंद खोलीत, हलगीशिवाय, ते फारच नागडं ऐकू आलं.

"हा अभिरुचीचा प्रश्न आहे," गुरुजी घसा साफ करत म्हणाले. "मातृत्वाचा उल्लेख जरा हलका झाला. नानासो दिलगिरी व्यक्त करतील, विषय संपला."

"त्या चौकोनात मी खूण केली न्हाई, गुरुजी," गोदावरी म्हणाली. "मैदानात आय-बाप निघत्यातच. मला त्याचं काय न्हाई. पैल्या चौकोनात बघा."

"अचूकता," आम्रपालीबाईंनी वाचलं.

"व्हय. माझ्या दुधात पाणी नसतं. हे म्हणालं, हाय. सात घरं गेली. ह्यांनी सॉरी म्हणून ती घरं येत्यात व्हय माघारी?"

नानासो उसळले. "आवं बाई, ते मैदानातलं बोलणं हाय! उद्या मी पैलवानाला वाघ म्हणलं, तर वनखातं पिंजरा घेऊन येतं का?"

गुरुजी आणि मयूरी हसले. आम्रपालीबाई हसल्या नाहीत.

"वाघ म्हणालात तेव्हा कुणाचा रतीब तुटला नाही," त्या म्हणाल्या. "पाणी ओतताना तुम्ही पाहिलंत?"

"न्हाई."

"कुणी सांगितलं?"

"न्हाई."

"मग कशावरून म्हणालात?"

नानासोंनी डोकं खाजवलं. "सुचलं."

बाईंनी कागदावर 'सुचलं' असं लिहिलं आणि खाली रेघ मारली.  तक्रार खरी ठरली तर माईक वर्षभर बंद, हा केंद्राचा नियम होता. आणि पुढच्याच पंधरवड्यात मेढ्याचं मैदान. तिकडच्या पंचांनी फोन करून विचारलंच होतं, नानासो, तुमच्यावर काय कम्प्लेंट झालीय म्हणे? माईकशिवाय नानासो म्हणजे आष्ट्यातला आणखी एक मिशीवाला, हे दुसऱ्या कुणापेक्षा त्यांनाच जास्त ठाऊक होतं.

"आणि माझं लेकरू पाण्यावर वाढलं म्हणताय," गोदावरीनं शेवटचं सांगून टाकलं, "तर तालमीत सकाळी तुमच्याच घरचं दूध पितो की तो!"

हे खरं होतं. नानासो रोज पहाटे दोन लिटर निरसं दूध तालमीत न्यायचे, पोरांना ग्लास भरून द्यायचे आणि संध्याकाळपर्यंत ते अख्ख्या गावाला सांगायचे.

"म्हणूनच बारा मिनिटं टिकला तो!" गुरुजींना एकदम हुरूप आला. "अहो, नानासोंच्या घरचं दूध म्हणजे काय! आमच्याकडे दहा वर्षं त्यांचाच रतीब आहे."

आम्रपालीबाईंनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि निकाल दिला. पाण्याबद्दल रेडिओवर सांगितलं, तर खरं काय तेही रेडिओवरच कळेल. आज, आत्ता, अकराच्या कार्यक्रमात. समोरच्या डेअरीत मशीन आहे. गोदावरीचं दूध तपासायचं आणि ज्या तोंडानं ते वाक्य गेलं, त्याच तोंडानं आकडा सांगायचा. दूध खरंच पाण्याचं निघालं तर अर्ज फेटाळला. चांगलं निघालं, आणि नानासोंनी आकडा सरळ सांगितला, तर माईकचा विचार समिती करील. आकड्यावर एक शब्द चढवला, तर माईक बंद.

गोदावरीनं टेबलाखालची किटली पुढं केली. "हे घ्या, आणलंय."

"तुम्ही आणलेलं नको," बाई म्हणाल्या. "चार घरं अजून घेतात ना? मयूरी, त्यांतल्या एका घरातून आण."

इथं विषय संपायचा. पण गुरुजींना समतोल आठवला. समतोल हा त्यांचा आवडता चौकोन होता. "एकाच घरचं दूध तपासणं हा पक्षपात होईल," ते म्हणाले. "तुलनेला दुसरा नमुना हवा. आदर्श म्हणून नानासोंच्या घरचं ठेवा. आमची ही माहेरी गेलीय, सकाळचं दूध फ्रीजमध्ये तसंच आहे. घेऊन येतो!"

"आणा की!" नानासोंनी मिशीवरून हात फिरवला. त्यांची छाती फुगली. जित्राब त्यांचं, वैरण त्यांची, धार काढणारी राणी त्यांची बायको. घाबरायचं कशाला?

अकराला डेअरीत सगळे उभे राहिले. मयूरीनं माईक हातात दिला. रतिबाचा झगडा लागलाय हे तासाभरात गावभर झालं होतं, त्यामुळं चहाच्या टपरीपासून केशकर्तनालयापर्यंत रेडिओ चालू होता. डेअरीचा सेक्रेटरी नानासोंचा जुना चाहता. मशीनचा पडदा त्यानं फक्त नानासोंना दिसेल असा वळवला.

"मंडळी, आज या ठिकाणी एक ऐतिहासिक..." नानासोंनी सुरुवात केली. आम्रपालीबाईंनी चष्म्यावरून बघितलं. नानासोंनी ऐतिहासिक गिळलं. "नमुना क्रमांक एक. गोदावरी खोत यांच्या घरचं दूध."

सेक्रेटरीनं नळी दुधात बुडवली. मशीन घुर्र करायला लागलं. मिनिटभर काहीच नाही.  बोलायला केवढं होतं! म्हशीचं खानदान होतं, कासेचा आकार होता. त्यांनी दात आवळले.

आकडे आले. "फॅट सात पॉइंट एक," नानासो म्हणाले. मग जरा थांबले. "पाणी शून्य. मी मैदानात बोललो ते खोटं होतं."

गोदावरीनं पदर तोंडाला लावला.  नानासोंना मनापासून लाज वाटली, आणि लाजेसोबत सुटल्यासारखंही वाटलं. एवढंच होतं की! आता आपला नमुना, मग मेढा.

"नमुना क्रमांक दोन. नानासो मगदूम यांच्या घरचं दूध." हे मात्र त्यांनी जरा ठणकावूनच म्हटलं.

घुर्र झालं. आकडे आले. नानासोंनी वाचले आणि पुन्हा वाचले. फॅट पाच पॉइंट तीन. पाणी बावीस टक्के.

सेक्रेटरीनंही वाचलं. इमानी माणूस! त्यानं इकडं तिकडं न बघता आपला अंगठा हळूच पाण्याच्या ओळीवर ठेवला आणि नानासोंना डोळा मारला.

आता काय अवघड होतं? पडदा कुणाला दिसत नव्हता. पाणी शून्य, दोन शब्द. खांदा जमिनीपासून दोन बोटं वर असताना नानासोंनी जन्मभर चितपट ओरडून मैदानं पेटवली होती, तिथं हे काय? पण समोर गोदावरी उभी होती. ती पडद्याकडं बघतच नव्हती, नानासोंच्या तोंडाकडं बघत होती. सात घरांनी तिचं दूध याच तोंडावर विश्वास ठेवून तोडलं होतं, हे नानासोंना तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं. माईक चालू होता आणि ते गप्प होते. टपरीवरच्या लोकांना वाटलं, लाईट गेली.

नानासोंनी सेक्रेटरीचा अंगठा उचलून बाजूला ठेवला.

"फॅट पाच पॉइंट तीन," ते म्हणाले. "पाणी बावीस टक्के."

"माझ्या चहात?" गुरुजी किंचाळले, आणि तेही थेट प्रसारित झालं. "दहा वर्षं?"

डेअरीच्या पायरीवरच निकाल लागला. तक्रार मान्य. आकडा चोख सांगितला म्हणून माईक राहील, असं आम्रपालीबाई म्हणाल्या. गुरुजींनी मतभेद नोंदवला.

नानासो तरातरा घरी गेले. अब्रूचं खोबरं झालं होतं. सोप्यात राणी कडब्याच्या पेंढीवर बसून काहीतरी लिहीत होती. कट्ट्यावर रेडिओ चालूच होता.

"राणे, तू दुधात पाणी घालतीस?"

"घालते की."

"आगं, लाज न्हाई वाटत? गावात तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाईस!"

राणीनं पेन खाली ठेवलं. "म्हशी दूध किती देत्यात?"

"नऊ लिटर."

"रतीब कितीचा हाय?"

"नऊचाच."

"आन् पहाटं किटली भरून तालमीत कोण नेतं? मी न्हाई म्हणलं की म्हणता, पैलवानांचा खुराक हाय, मगदुमाच्या घरची रीत हाय. मग उरत्यात सात. घरं नऊ लिटरची. तुमची रीत मी कशानं भरू, आवं?"

नानासोंनी बोटांवर मोजून बघितलं.  तोंडी हिशोबात ते कच्चे होते, पण नवातले दोन म्हणजे किती टक्के, हे मशीननं त्यांना आधीच सांगितलं होतं.

राणीनं कागद पुढं केला. अर्ज होता. नानासो डेअरीतून घरी यायच्या आत, मयूरीला फोनवर विचारून वहीच्या पानावर आखलेला. अचूकतेच्या चौकोनात ठसठशीत खूण, आणि खाली राणीच्या गोल अक्षरात लिहिलं होतं: 'आकडा बरोबर सांगितला. पाणी कुणाचं, ते सांगितलं न्हाई. गावाला वाटलं माझं.'

"माझ्यावरच अर्ज?"

"माईक तुमच्याकडं हाय. मी कुठं सांगू?"

समितीला बसावंच लागलं नाही. दुसऱ्या दिवशी अकराला नानासो स्वतःच खताच्या दुकानाचा जिना चढले. मयूरीनं लाल दिवा लावला.

"मंडळी, कालच्या बातमीत एक चूक हाय," ते म्हणाले. "दूध राणीचं होतं. ते दोन लिटर पाणी माझं हाय. तालमीत मिरवायला मी रोज चांगलं दूध नेलं, आन् मागं जे राहिलं ते तिनं निस्तरलं. आजपासनं तालमीचं दूध बंद. पैलवानांनी आपापल्या आयशीकडं प्यावं. ती चांगलं देती."

एवढं बोलून ते थांबले. अजून चार मिनिटं हातात होती, माईक चालू होता, आणि नानासो मगदूम खुर्चीत गप्प बसून राहिले.