एका माईकला तीन कान

आमच्या जावयाची एक खोड मला पहिल्यापासून पटली नाही. आपण खोलीत पाऊल टाकलं की हे काँप्युटरवरचं काहीतरी चटकन झाकतात. सासूसमोर विडी लपवावी तसं. भारतराव नाव. औरंगाबादच्या छावणी भागात भाड्याचा गाळा, त्यात रेकॉर्डिंगचं दुकान. लग्नाची गाणी, भजनी मंडळं, निवडणुकीच्या घोषणा, येईल ते करतात. बोलणं लई गोड. म्हणून मी बोलण्यापेक्षा त्यांच्या हाताकडं जास्त बघते.

ते साल दुष्काळाचं होतं. पिशोरकडचं पाणी सरलं तशी आम्ही मेंढरं हाकत औरंगाबादच्या कडेला उतरलो. मागच्या खेपेला जिथं मेंढरं बसवली होती, तिथं आता चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडलेले. माझा लेक अजिनाथ मेंढरं घेऊन डोंगराच्या पायथ्याला राहिला. माझे गुडघे धरलेले, म्हणून लेकीनं, अक्षदानं, मला आपल्या घरी ठेवून घेतलं.

तिथं भारतरावांनी टुमणं लावलं.

"मामी, तुमच्या ओव्या रेकॉर्ड करून ठेवू. तुमच्यामागं कुणाला येतात त्या?"

"मी कुठं चालले एवढ्यात?" मी म्हणाले. पण मनातून बरं वाटलं. अक्षदानं ओव्या कधी शिकून घेतल्या नाहीत, अन् सुनेला गळा नाही. आमच्या ओव्या म्हणजे नुसती करमणूक नव्हे. मेंढरं कुठून न्यायची, मुक्काम कुठं करायचा, पाणी कोणत्या झाडाखाली, सगळं त्यात असतं. शाळेचं तोंड आम्ही फारसं बघितलं नाही, पण वाट कधी चुकलो नाही.

गाळ्यात गेले. माईक एक. त्याची वायर एका डबीत, अन् डबी काँप्युटरला. मी खोकले, तर पडद्यावर हिरवी रेघ उसळली. एक नव्हे, तीन चौकटींत तीन रेघा, माझ्या खोकल्यासरशी एकदम.

"माईक एक अन् रेघा तीन कशा वो?"

"तीन प्रोग्राम चालू आहेत, मामी. आधी एकानं माईक धरला की दुसऱ्याला आवाज मिळायचाच नाही. आता मधी वाटप करणारा एक प्रोग्राम टाकलाय. एकच आवाज, पण सगळ्यांना सारखा जातो. एका टाकीला तीन तोट्या असाव्यात तसं."

"तोट्या कुणाकुणाच्या?"

"एकात खरं रेकॉर्डिंग. दुसरा जादाचा, पहिला अडकला तर असावा म्हणून."

"अन् तिसरा?"

"तो असाच. टेस्टिंगचा." असं म्हणून त्यांनी ती चौकट खाली पाडली.

खाली पाडली म्हणजे बंद केली नाही, एवढं मलाही कळतं. मेंढरू झुडपामागं गेलं म्हणून ते कळपातून कमी झालं का?

मी सूर लावते न लावते तोच त्यांचा फोन वाजला. तोंडावर हात धरून हळूच म्हणाले, "व्हय, सुरू झालंय. येतोय ना आवाज?"

कुणाला येतोय? खोलीत आम्ही दोघंच. विचारलं तर म्हणे गिऱ्हाईक होतं.

"मामी, ती काळ्या कड्याची ओवी म्हणा ना. अक्षदा म्हणत होती, लई गोड आहे."

अजिनाथ उतरला होता त्या डोंगराच्या काळ्या कड्याखाली एक झिरा आहे. वाळू उकरली की पाणी पाझरतं, भांड्यानं भरून घ्यायचं. त्या उन्हाळ्यात आमच्या मेंढरांचा जीव त्याच्यावरच होता. कुणी मोटार लावली तर एका टँकरात कोरडा पडेल, एवढासा. अन् शेजारीच साहेबराव नावाच्या प्लॉटवाल्याचे टँकर पाणी हुंगत फिरत होते.

आमच्यात रीत आहे. पाण्याची ओवी परक्याच्या कानावर पडणार असली, तर दिशा फिरवून म्हणायची. सासूनं मला आधी ही रीत शिकवली, ओवी मागून. जावई परका का, एवढंच ठरवायचं होतं. मी त्या खाली पाडलेल्या चौकटीच्या जागेकडं बघितलं अन् गळा उघडला.

काळ्या कड्याच्या पोटाला, पळस उभा मावळती,
त्याच्या मुळाशी झिरा, माझी मेंढरं पाणी पिती.

झिऱ्याचा पळस उगवतीला आहे. मावळतीलाही एक पळस आहे, पण त्याच्याखाली नुसता मुरूम.

"वा, मामी!" भारतराव म्हणाले.

मी घरी आले अन् गप बसले. थोडे दिवस गेले. एका दुपारी अजिनाथाचा फोन.

"आये, साहेबरावचं पोकलेन आलं व्हतं. कड्याच्या मावळतीचा पळस मुळासकट उपटला, मोठा खड्डा घेतला. थेंब नाय लागला. एकमेकांना शिव्या देत गेले."

"अन् झिरा?"

"तिकडं कुणी फिरकलं नाय."

जीव भांड्यात पडला अन् डोकं तापलं. भारतराव जेवायला बसले होते. मी समोर जाऊन बसले.

"तिसऱ्या तोटीला साहेबराव होता ना?"

अक्षदाचा भाकरी थापणारा हात थांबला. भारतरावांनी घास खाली ठेवला.

"मामी, त्यांना जुन्या गाण्यांचा नाद आहे म्हणाले. गाणं चालू असतानाच, आपल्या घरी बसून ऐकायचं होतं. त्यांच्या नव्या कॉलनीच्या जाहिराती मला देणार होते."

"अन् काळ्या कड्याचीच ओवी पाहिजे, हे कुणाचं?"

"त्यांचंच."

"त्याला कसं ठाऊक अशी ओवी आहे ते?"

त्यांनी ताट बाजूला सारलं. "मीच बोललो. त्यात पाण्याची खूण आहे म्हणून. बोलता बोलता निघून गेलं."

"आये, जेवू दे गं त्यांना," अक्षदा म्हणाली.

"जेवू दे की. मी कुठं ताट ओढलं?"

मग पदर सारखा केला अन् म्हणाले, "ऐका, जावईबापू. साहेबराव पाण्याचा हावरा, त्याचं मला नवल नाय. माईक माझ्या तोंडापुढं तुम्ही धरला, अन् पलीकडं कोण ऐकतंय ते झाकलं. झाकलं म्हंजी तुम्हाला सगळं कळत व्हतं. जावयाचा मान मिळंल, पाट मिळंल, ताट मिळंल. माझा आवाज मात्र आजपासून मिळणार नाय. मी चालले मेंढरांपाशी. तुम्ही जेवण उरका, फावडं घ्या अन् माझ्यासंगं चला. त्यो खड्डा तुम्ही तुमच्या हातानं बुजवायचा. त्यात माझं एक जरी कोकरू पडलं, तर पुन्हा ह्या दारात मी सासू म्हणून येणार नाय."