अंगातली गोडी

कुंताचं तोंड पहाटे उघडलं की शेजारणी म्हणायच्या, "उठा वं, कुंता उगवली!" मनाची वाईट नव्हती हो बाई. कुणाच्या घरी बाळंतीण असली की भाताची पहिली टोपली तिच्या घरून जायची, धानाच्या रोवण्यात तिची ओळ सगळ्यांच्या पुढे असायची. पण उचलली जीभ लावली टाळ्याला, असा खाक्या. अन् घरात ते ऐकायला माणूस एकच, तिचा नवरा केवळराम.

केवळराम ढिवर. तलावातला मासा, शिंगाडा अन् दीड एकराचं धान, एवढ्यावर दोघांचं पोट. लग्नाला बारा वर्षं झाली, लेकरू झालं नाही. लोकांनी त्याला दुसरी कर म्हणून पुष्कळ भरीला घातलं. तो म्हणाला, "एकीचंच आयकता आयकता कान दुखते गा, दुसरी काऊन करू?" असं हसण्यावारी नेऊन त्यानं तो विषय कायमचा मिटवला. कुंताला हे माहीत होतं, पण तिनं कधी बोलून दाखवलं नाही.

ज्या साली नये पैसे निघाले, त्याच्या आधीच्या दसऱ्यापासून केवळरामला काहीतरी होऊ लागलं. धान कापताना दोन ओळी झाल्या की बांधावर बसायचा. जेवायचा मात्र दोघांचं. वर तांब्यामागून तांब्या पाणी, अन् जेवलं की तिथंच आडवा. रात्री चारचारदा लघवीला उठायचा. झोपून उठलेला माणूस ताजातवाना असावा की नाही? हा उठायचा तोच दगड फोडून आल्यासारखा.

"थकलो वं," तो म्हणायचा.

"काऊन थकले? रातभर कोनाची विहीर खोदली?"

"समजत नाई. अंगात जीवच नाई वाटत."

"जीव नाई, मंग दोन टोपले भात जाते कुठी?"

आता खरं सांगायचं तर त्या सवालातच सगळा रोग होता. भात जातो कुठे, हे तेव्हाच कुणी धड शोधलं असतं तर! पण कुंताला तो टोमणा म्हणून सुचला, अन् टोमण्याचं उत्तर कुणी शोधत नसतं. खायला काळ अन् भुईला भार, असं ती त्याला येताजाता म्हणू लागली. तो मान खाली घालून ऐकायचा.

माघात तलावाचं पाणी उतरलं की मोठं जाळं टाकायचा दिवस येतो. त्या दिवशी घरटी एक माणूस दोराला लागतो. जो दोर ओढतो त्याच्या घरी मासळीचा वाटा जातो. बायांनी टोपल्या घेऊन तलावाच्या पाळीवर, बांधावर, उभं राहायचं. पाण्यात उतरायचं नाही अन् मोठ्या जाळ्याला तर हातच लावायचा नाही, ही आजा-पणजापासूनची रीत.

जाळं अर्ध्यावर आलं अन् केवळरामच्या हातातला दोर सुटला. कड खाली बसली, मोठेमोठे रोहू तिच्यावरून उड्या मारून पसार झाले. केवळराम मांडीभर पाण्यात मटकन बसला. जाळ्याचा म्होरक्या इसरूभाऊ ओरडला, "अरे केवळ्या, झोपला का काय गा?" पाळीवरच्या बाया खदखदून हसल्या.

झालं! कुंताचं डोकं फिरलं. तिनं टोपली फेकली, पदर खोचला अन् धाडकन पाण्यात उतरली.

"सरका तुमी! जमत नाई त घरी जाऊन चूल फुका!"

नवऱ्याच्या जागी उभी राहून तिनं दोर खांद्यावर घेतला. तिला अडवायची कुणाची छाती झाली नाही. जाळं निघालं, वाटा मिळाला. पण त्या दिवसापासून केवळरामला गावात नाव पडलं, 'कुंताची बायको'. त्या नावानं हाक आली तरी तो ओ द्यायचा. पुढं पुढं मात्र त्यानं चावडीवर जाणंच सोडलं.

फागणात एक दिवस कुंता त्याच्या पाठीला तेल लावत होती. हात फिरवता फिरवता तिचा हात थांबला. बरगड्या एकेक करून बोटाला लागत होत्या. हीच पाठ! लग्नाच्या साली नाल्याला पूर आला तेव्हा ह्याच पाठीवर बसून ती सासरी आली होती. बाई चरकली.

"अवो, तुमी त अर्धे झाले!"

"मी सांगून राह्यलो होतो," तो हळूच म्हणाला. अन् लगेच, जास्त बोललो की काय असं वाटून, "जाऊ दे, होते बरं," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी परसात झाडताना तिनं पाहिलं, कुडाच्या कडेला जिथं तो लघवीला जायचा तिथं मुंग्या लागल्या होत्या. दोनचार नाही, थरच्या थर. राख टाकली, पाणी टाकलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिनं रंभाबाईला बोलावलं. रंभाबाई गावची सुईण. कुणाचं पोट दुखो की पाय मुरगळो, आधी तिलाच बोलावणं जायचं.

म्हातारीनं वाकून पाहिलं, हुंगलं, अन् कमरेवर हात ठेवून म्हणाली, "गोड उतरून राह्यलं वं ह्याच्या पान्यातून. अंगातली गोडी वाहून चालली, मंग मानूस थकन नाई त काय? आडातच नाई त पोहऱ्यात कुठून येईन? जेवढी जाते तेवढी भर, पोरी. गूळ चारत जा, मोहं चारत जा."

काय पटणारं बोलणं! सांगा, कुणाला पटलं नसतं? म्हातारीनं रोग तर बरोबर हेरला होता, औषध तेवढं उलटं सांगितलं. बिचारीला तरी काय ठाऊक!

अन् कुंताला तर हे ऐकून रडूच फुटलं. नवरा आळशी नाही, त्याच्या अंगातून काहीतरी गळतंय, अन् आपण पाच महिने त्याला वाटेल ते बोललो! आता भरपाई करायची. कुंताचं सगळंच जोरात, तसा पश्चात्तापही जोरात. वाळवलेली मोहफुलं भाजून, तीळ घालून, कुटून, गुळात लाडू वळले. सकाळी लाडू, दुपारी गुळाचं पाणी, सांजेला पुन्हा लाडू.

"नोको वं," केवळराम म्हणायचा. "तोंड चिकट होते. तहान थांबत नाई."

"औषध समजून खा. माह्यासाठी खा."

माह्यासाठी! बारा वर्षांत तिनं हा शब्द कधी वापरला नव्हता. त्यानं तिच्याकडं पाहिलं अन् मुकाट्यानं लाडू उचलला. घास घशाखाली उतरत नव्हता, तरी त्यानं तो खाल्ला. ती गोड बोलत होती ना! ते बोलणं थांबू नये म्हणून त्यानं त्या महिन्यात किती गूळ खाल्ला ते त्यालाच ठाऊक.

तो खात गेला अन् खंगत गेला. दाराच्या खांबाला धरून उठायचा, चार पावलांत हाशहुश करायचा. डोळ्यांपुढं धुरकट दिसतं म्हणायचा. कुंताला वाटायचं, गळती जास्त आहे, आपलं भरणं कमी पडतंय. मग ती लाडू आणखी मोठा वळायची.

चैत्रात मोह पडायला लागला. नवी फुलं आणायला ती पहाटेच जंगलात गेली. आदल्या सांजेला त्याला उलटी झाली होती, पण म्हटलं ताजा मोह पोटात गेला की बरं वाटेल. डोक्यावर भरलेली टोपली घेऊन घरी आली, तर हा अंगणात आडवातिडवा पडलेला. श्वास लांब लांब, भात्यासारखा. ती खाली वाकली अन् त्याच्या तोंडाचा वास आला. आंबूस, गोड. दारूच्या भट्टीवरून जाताना येतो तसा.

"अस्सं! मी तुमच्यासाठी पहाटेपासून मोह येचून राह्यले, अन् तुमी मोहाची ढोसून पडले!"

"नाई वं... पेलो नाई..." त्याची जीभ जड पडली होती. दारू प्यायल्यासारखीच.

"पडा! उतरन तवा उठा!"

तिनं त्याला तिथंच सोडलं. रागारागात मोह वाळत घातला, भांडी आपटली, नदीवर जाऊन धुणं धुतलं. ऊन त्याच्या अंगावर आलं तरी तिनं त्याला सावलीत ओढलं नाही. दुपार ढळल्यावर धाकटा दीर लटारू आला. त्यानं भावाला हलवलं, पुन्हा हलवलं, अन् पांढऱ्याफटक तोंडानं वर पाहिलं.

"वयनी, दादा उठून नाई राह्यला."

"पेला हाये तो."

"दादा? वयनी, दादा जन्मात कधी पेला हाये का?"

नव्हता प्यायला. लग्नाच्या वरातीतही नाही. हे कुंताइतकं कुणाला माहीत होतं? पण राग आला की बाईला बारा वर्षं आठवत नसत.

बैलबंडी जुंपली. रात्रभर चालून सकाळी मूल गावचं स्टेशन गाठलं, तिथून गाडीनं चांद्याच्या मोठ्या दवाखान्यात. डॉक्टरनं पहिल्यांदा त्याच्या तोंडाचा वास घेतला, मग कातडी चिमटीत धरून पाहिली.

"लघवीला मुंग्या लागायच्या का?"

"हो, डाक्टरसाहेब."

"खायला काय देत होतात?"

कुंतानं बोटांवर मोजून सगळं सांगितलं. लाडू किती, गूळ किती, पाण्यात किती कालवून. काही चुकवलं नाही, कारण सांगताना तिला वाटत होतं की निदान एवढं तरी आपण बरोबर केलं. डॉक्टरनं हातातली नळी खाली ठेवली.

"बाई, ह्याच्या रक्तात साखर गच्च भरली आहे. पण ती अंगाला लागत नाही. कोठी धानानं भरलेली, दाराला कुलूप, अन् घरातली माणसं उपाशी, असं झालं आहे. म्हणून खाऊनही थकवा. त्यात तुम्ही बाहेरून आणखी पोती ओतलीत."

कुंतानं पदराचं टोक मुठीत धरलं. "मंग... तो आळस नोहोता?"

"आळस? ह्या अंगानं हा माणूस शेतात अन् तलावात उतरत होता, ह्याचंच मला नवल वाटतं."

"आता बरा होईन ना?"

"सुया देतोय. काल दुपारी आणला असतात, तर..." तो पुढच्या खाटेकडं गेला.

काल दुपारी कुंता नदीवर धुणं आपटत होती.

ती खाटेजवळ खाली बसली. रस्ताभर तिनं मनात सगळं जुळवून ठेवलं होतं. चुकलं म्हणायचं होतं. तलावाचं म्हणायचं होतं, कालचं म्हणायचं होतं. तुमी निजा, हवं तेवढं निजा, कोनी काई म्हननार नाई, असं म्हणायचं होतं. तिनं त्याच्या कानाजवळ तोंड नेलं.

"अवो, आयकता का?"

केवळरामचे डोळे मिटलेलेच होते. पण तिचा आवाज कानावर पडताच त्याचा हात खाटेची कड चाचपू लागला. त्यानं कोपर टेकलं, मान उचलली, अन् सगळं अंग थरथरू लागलं.

"उठतो... उठतो वं. ओरडू नोको."

"नाई नाई, निजा तुमी!" ती घाबरून बोलली, अन् तिचा मूळचाच मोठा आवाज सगळ्या खोलीत घुमला. तो आणखीनच धडपडला. नळीतून वारा जावा तसा श्वास, तरी उठू पाहतोय.

"थांब... आलो..."

लटारूनं तिचा खांदा दाबला. "वयनी, तू बोलू नोको."

कुंतानं ओठ घट्ट मिटले अन् त्याच्या छातीवर तळहात ठेवला. ती गप्प झाली तसा तो हळूहळू खाली टेकला. मग दुपार गेली, ऊन खिडकीतून उतरलं. दोनदा तिनं तोंड उघडलं, अन् दोन्ही वेळा त्याची बोटं खाटेची कड शोधायला लागली, म्हणून तिनं ते तसंच मिटलं. दिवे लागायच्या वेळेला केवळराम गेला, अन् कुंता तोपर्यंत एक शब्द बोलली नाही.