गारेगारबाबा आणि सातचा पाढा

“हूँऽऽ!” छतातून आवाज आला आणि अख्ख्या ऑफिसने हात जोडले. मीही जोडले असते, पण एका हाताने पुठ्ठ्याने वारा घेत होतो, दुसऱ्याने घाम पुसत होतो.

साहेबांनी एसीची दुरुस्ती करून घेतल्यापासून खालच्या मजल्यावर गारठा आणि आमच्याकडे भट्टी. एसी लावला की छतात कोणीतरी कण्हायचं. मग साहेबांनी गारेगारबाबांना आणलं. बाबा म्हणायचे, “वायूला एकांत हवा! एसीचा मोठा पंखा बंद करा!” पंखा थांबला की बाबा डोळे मिटून काहीबाही पुटपुटायचे. कण्हणं थांबायचं. “आता सोडा पंखा!” आणि खरंच गार झुळूक! लोक धडाधड पाया पडायचे. दुसऱ्या दिवशी ये रे माझ्या मागल्या.

फक्त टायपिस्ट मावशी म्हणत, “अहो, माझ्या डोक्यावर मोटर कण्हतेय, दुसरं काही नाही.” म्हणून की काय, आज बाबांनी निदान केलं, “वायू या बाईमुळे अडलाय. हिला काढा, कायमचं गार होईल!”

साहेबांनी मान डोलावली. मावशींच्या पगारावर त्यांचं घर चालतं. त्या ड्रॉवर आवरू लागल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तेवढ्यात साहेबांच्या सासूबाई जावयाचा विसरलेला चष्मा घेऊन आल्या. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेल्या बाई. त्यांच्यासमोर साहेब अजूनही गृहपाठ राहिल्यासारखे उभे राहतात.

सगळं ऐकून त्या म्हणाल्या, “बाबा, आज पंखा चालू ठेवून मंत्र म्हणा.”

“वायू कोपेल, माताजी!”

“कोपू दे माझ्यावर.”

बाबांनी घसा बसेस्तोवर मंत्र म्हटला. छत आपलं “हूँऽऽ!”

मग सासूबाईंनी पंखा बंद करवला आणि खणखणीत आवाजात सुरू केलं, “सात एके सात, सात दुणे चौदा…” पस्तीसला छत गप्प झालं. सत्तरला पंखा लावला, तर गार झुळूक! शिपाई त्यांच्या पाया पडायला वाकला.

“उठा हो! पाढ्याला कसले नमस्कार?” म्हणत त्यांनी शिडी मागवली आणि छताची फळी काढायला लावली. आत हवेच्या वाटेत पत्र्याची झडप होती, आणि तिला फिरवायला काड्यापेटीएवढी मोटर.

“ही कोणी निवडली?”

“मी,” साहेब पुटपुटले. “जुनी फार बोजड दिसत होती.”

“जावईबापू, झडपेला मोटर बघत होता की मुलाला नवरी? सोसाट्याच्या वाऱ्यात करंगळीने दार लोटून बघा. पंखा चालू असला की हवेचा दाब झडप आवळून धरतो. मोटर ढकलते, कण्हते आणि हरते. पंखा थांबला की दाब जातो, झडप उघडते आणि उघडीच राहते. संध्याकाळी एसी बंद केला की मिटते, म्हणून मंत्र रोजचा! झडप केवढी, किती घट्ट बसते, हवेचा दाब किती, हे बघून मोटरची ताकद ठरवायची, आणि वर थोडी शिल्लक ठेवायची.” मग त्या बाबांकडे वळल्या. “तुम्ही पूर्वी काय करत होता?”

“एसी दुरुस्ती,” बाबा म्हणाले आणि चपला हातात घेऊन पळाले.

साहेबांनी मावशींचा ड्रॉवर स्वतः पुन्हा लावून दिला. चांगली दणकट मोटर बसली. मावशी आजही त्याच खुर्चीवर बसतात, फक्त आता स्वेटर घालून.

तेव्हा मंडळी, छत कण्हलं तर खुशाल घाबरा. पण हात जोडण्याआधी आणि कुणा गरिबाला घरी बसवण्याआधी एकदा शिडी लावून वर बघा.